शिवेची साक्ष : प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाची शीव चालायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातात महसूल खात्याचा नकाशा होता, आणि पुढे चालणाऱ्या आजोबांच्या खांद्यावर कुऱ्हाड. सामूहिक वनहक्काचा दावा करायचा ठराव ग्रामसभेने केला होता आणि त्यासाठी गावाची पारंपरिक हद्द ठरवायची होती. शेजारच्या गावातले चार-पाच जण मुद्दाम बोलावले होते, कारण शीव एका गावाला एकट्याने सांगता येत नाही. तासाभराने आम्ही एका नाल्याशी आलो. नकाशावरची हद्द केव्हाच मागे पडली होती. आजोबा नाला ओलांडून पुढे गेले आणि एका जुन्या मोहाखाली थांबले. ‘‘इथपावेतो आमचं जी. ह्या झाडाची फुलं आमच्या बाया वेचतात. पलीकडची यांच्या बाया वेचतात.’’ शेजारगावच्या म्हाताऱ्याने मान डोलावली आणि नाल्यातल्या झऱ्याकडे बोट दाखवून एवढेच म्हणाला, ‘‘पाणी दोघांचं.’’

मी ते वहीत उतरवले. संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात नकाशा पसरून बसल्यावर लक्षात आले, की मोहाचे झाड ठिपक्याने दाखवता येते, नाला रेघेने दाखवता येतो, पण ‘पाणी दोघांचं’ यासाठी नकाशात खूणच नाही. ज्या लोकांनी आपल्या जमिनीचा कागद कधी केला नाही, त्यांचे असे एखादे वाक्य कायद्याच्या दारात पोचले की त्याचे काय होते? ते हक्क म्हणून लिहिले जाते, की म्हाताऱ्या माणसाची आठवण म्हणून बाजूला ठेवले जाते? या अभ्यासक्षेत्राचा सगळा पसारा या एका प्रश्नाभोवती आहे. त्यात नव्याने येणाऱ्यांसाठी, म्हणजे विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी, वनहक्क समितीत काम करणाऱ्या तरुणांसाठी, दाव्याची फाइल पहिल्यांदा हातात घेणाऱ्या तलाठ्यासाठी आणि वनरक्षकासाठी, ही प्रस्तावना लिहिते आहे. या, बसा. इथे कायद्याइतकाच मोहाच्या झाडाचाही अभ्यास करावा लागतो.

आधी शब्द पाहू, कारण आपल्या भाषेत ते जय्यत तयार आहेत. परंपरा म्हणजे एकामागून एक चालत आलेले. रूढी म्हणजे लोकांत रुजून पक्के झालेले आणि म्हणून बंधनकारक मानलेले. आणि तिसरा शब्द, माझ्या मते सगळ्यांत कामाचा, वहिवाट. आमच्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बांधावरून बैलगाडी नेण्याचा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला की तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे अर्ज करतो. रस्ता सातबाऱ्यावर आहे की नाही याआधी तिथे विचारले जाते, तो वापरात होता का, कोण वापरत होते, अडथळा कधी आला. वापरातून हक्क उभा राहतो, ही कल्पना बाहेरून कोणी आणून दिलेली नाही.

त्याहून जुनी गोष्ट मराठी कागदपत्रांत सापडते. मराठेशाहीत दोन गावांत शिवेचा तंटा पडला की गोतसभा बसे, वतनदारांच्या साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्या साक्षींत महाराच्या साक्षीला मोठे वजन होते. शीव राखणे हे त्याच्या वतनाचे काम होते, आणि वेळप्रसंगी शपथेवर किंवा दिव्य करून तो शीव चालून दाखवी. ज्याचे घर गावकुसाबाहेर, त्याच्या पायांनी गावाची हद्द ठरे. हे वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावे लागते. हद्दीचे ज्ञान ज्याच्याकडे आहे आणि हद्दीतल्या जमिनीवर ज्याचा ताबा आहे, ती माणसे वेगळी असू शकतात, हे परंपरेचा गौरव करण्याआधी अभ्यासकाने मनात धरून ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

वापर म्हणजे हक्क ही समजूत असलेल्या देशात जंगलातली वहिवाट हक्क का ठरली नाही, याचे उत्तर १८७८ च्या वन कायद्यापाशी आहे. त्याआधीची काही वर्षे ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्येच या प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला होता. त्यांतले एक, बेडन-पॉवेल, यांचे म्हणणे असे, की गावकरी जंगलातून लाकूड, चारा, फळे नेतात ती सरकारने डोळेझाक केल्यामुळे. लेखी नोंद नसलेला वापर कितीही जुना असला तरी ती सवलत, हक्क नव्हे. देशाचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस यांचे मत वेगळे होते. गावांचा वापर हा खराखुरा रूढीजन्य हक्क आहे आणि गावांच्या ताब्यात सामाईक जंगले राहिली पाहिजेत, असे ते मांडत होते. मद्रासच्या महसूल मंडळानेही सरकारी मक्तेदारीला विरोध केला. कायदा झाला तो मुख्यतः बेडन-पॉवेल यांच्या बाजूने. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या वादावर लिहिले आहे, ते या क्षेत्रात येणाऱ्याने लवकर वाचावे. एकदा ‘सवलत’ हा शब्द रुजला की पुढची सव्वाशे वर्षे माणूस आपल्याच जंगलात मेहेरबानीवर जगतो. विदर्भातल्या निस्तार हक्कांचे, म्हणजे घरगुती गरजेपुरते लाकूड-चारा नेण्याच्या हक्कांचे, तसेच झाले. निस्तार पत्रकात नोंद आहे, गाव तिला हक्क म्हणते, कचेरी तिला सोय म्हणते.

आता थोडे दूर जाऊ. ऑस्ट्रेलियाची गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण परंपरेला न्यायालयात आणल्यावर काय काय घडते ते सगळे तिच्यात एका ठिकाणी पाहायला मिळते.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या योल्ङू लोकांनी १९६३ मध्ये झाडाच्या सालीवर रंगवलेली निवेदने संसदेकडे पाठवली. त्यांच्या भूमीत बॉक्साइटची खाण येत होती. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला. निकालाचा पहिला भाग वाचून आशा वाटते. या लोकांकडे स्वतःचा, सूक्ष्म आणि सुव्यवस्थित कायदा आहे, असे त्यांनी स्पष्ट मान्य केले. मग पुढच्या पायरीवर त्यांनी हात राखला. हा कायदा जमिनीच्या मालकीचा नाही, कारण यात जमीन विकण्याचा किंवा दुसऱ्याला पूर्ण मज्जाव करण्याचा अधिकार दिसत नाही, आणि इथे भूमी कुळाची असण्यापेक्षा कूळच भूमीचे आहे. योल्ङूंनी जे आपल्या नात्याचे सर्वांत घट्ट रूप म्हणून सांगितले, तेच त्यांच्या हक्काच्या आड आले. आमच्या नाल्यावरच्या ‘पाणी दोघांचं’ या वाक्याचेही, वाचणारा तसा असेल तर, हेच होऊ शकते. दोघांचे आहे म्हणजे कोणाचेच नाही.

१९९२ च्या माबो निकालाने ही वाट मोडली. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावर एडी कोइकी माबो आणि इतरांनी १९८२ मध्ये दावा लावला होता. मेरचे लोक बागायत करणारे. प्रत्येक घराण्याच्या बागेची हद्द ठरलेली, आणि ती मोडू नये, दुसऱ्याच्या बागेत शिरू नये, ही मालो दैवताची शिकवण. मालोने अष्टभुज समुद्रजीवाचे रूप घेतल्याची कथा आहे. त्याच्या आठ भुजा म्हणजे बेटावरची आठ कुळे. ब्रिटिश राजसत्ता येण्याआधी इथे कोणाचीही जमीन नव्हती, ही समजूत उच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी सोडून दिली, आणि मूळ रहिवाशांच्या जमीनहक्काचा आशय त्यांच्याच परंपरागत कायद्यातून व रूढीतून ठरेल असे म्हटले. निकाल ऐकायला माबो नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत ते वारले होते. एक तपशील मात्र या विजयाच्या गोष्टीत हरवतो. क्वीन्सलंडच्या न्यायालयात वस्तुस्थितीची तपासणी झाली तेव्हा खुद्द माबोंचा जमिनीवरचा वैयक्तिक वारसा सिद्ध झाल्याचे न्यायाधीशांनी मानले नव्हते. ते दत्तक गेलेले, आणि ते दत्तक विधान मेरच्या रूढीप्रमाणे झाले होते की नाही यावर शंका घेतली गेली. ज्यांच्या नावाने परंपरेला देशभर मान मिळाला, त्यांच्याच घरातली परंपरा न्यायालयाला पटली नव्हती.

त्यानंतर १९९३ चा कायदा आला आणि त्याने ‘परंपरागत कायदे’ व ‘परंपरागत रूढी’ हे शब्द हक्काच्या व्याख्येतच घातले. इथून खरी परीक्षा सुरू झाली. मरे आणि गोलबर्न नद्यांच्या काठच्या योर्टा योर्टा लोकांनी १९९४ मध्ये दावा केला. या प्रदेशात गोऱ्यांची वस्ती फार लवकर आणि फार दाट झाली होती. माणसे मिशनच्या वसाहतीत ढकलली गेली, भाषा मोडली, विधी थांबले. खालच्या न्यायालयाने १९९८ मध्ये दावा फेटाळला. आजच्या वृद्धांच्या साक्षींपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या एडवर्ड कर नावाच्या पशुपालक जमीनदाराच्या आठवणींना न्यायाधीशांनी अधिक विश्वासार्ह मानले. १८८१ मध्ये मलोगा मिशनवरच्या मूळ रहिवाशांनी गव्हर्नरकडे एक अर्ज केला होता : आमच्या जमिनी गेल्या, शेती करून पोट भरायला आम्हांला जमीन द्या. हा अर्ज त्यांची परंपरा तोवर संपल्याचा पुरावा म्हणून धरला गेला. उच्च न्यायालयाने २००२ मध्ये निकाल कायम ठेवला. परंपरा मुळापासून आजवर बहुतांशी अखंड चालू असली पाहिजे, असा त्याचा अर्थ झाला.

हा निकाल मी विद्यार्थ्यांबरोबर अनेकदा वाचला आहे, आणि १८८१ च्या त्या अर्जापाशी वर्गात दर वेळी शांतता पसरते. जमीन हिसकावली, मग हिसकावल्याबद्दल तक्रार केली, आणि तक्रार शेतकऱ्याच्या भाषेत केली म्हणून हक्क गेला. मला हा निकाल चुकीचा वाटतो, आणि प्रस्तावनेत तसे म्हणायला माझी हरकत नाही. परंपरेला पुरावा म्हणून बोलावणारा कायदा तिला एक अट घालतो, की तू जागची हलू नकोस. ज्यांच्यावर सर्वांत जास्त आघात झाले ते सर्वांत जास्त बदलले, म्हणून त्यांना सर्वांत कमी मिळते. या क्षेत्रातला मला दिसणारा मध्यवर्ती पेच तो हाच. पुढे जे जे वाचाल त्यात तो वेगवेगळ्या रूपांत भेटेल.

त्याचे एक रूप म्हणजे तारीख. प्रत्येक कायदा स्मृती कुठून सुरू होते त्याची एक रेघ ओढतो. इंग्लंडमध्ये रूढी अनादी मानायची तर ती ११८९ पासूनची धरत, पहिला रिचर्ड गादीवर आला ते वर्ष. मेर बेटासाठी रेघ १८७९, बेट ब्रिटिश राजसत्तेखाली आले तेव्हाची. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात जमिनीच्या मालकीसाठी १८४६. आणि आपल्या वनहक्क कायद्यात, आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशांसाठी, १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या. एक पिढी पंचवीस वर्षांची, म्हणजे १९३० पासून. ही अट त्या भागात राहण्याची आणि जंगलावर जगण्याची आहे. दावा केलेला नेमका तुकडा पंचाहत्तर वर्षे कसला, असे कायदा म्हणत नाही, तरी तसा अर्थ लावून कितीतरी दावे परत पाठवले गेले. तारीख मागणे मला गैर वाटत नाही. पण १९३० मध्ये कोणत्या गरीब माणसाच्या घरात कागद होता?

कॅनडाने या प्रश्नाकडे पाहण्याचा एक वेगळा मार्ग दाखवला. गित्क्सान आणि वेत्सुवेतेन या दोन समाजांच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर भूमीवर दावा केला. खटला ३७४ दिवस चालला. गित्क्सानांचा पुरावा म्हणजे ‘अदाऔक’, प्रत्येक घराण्याचा मौखिक इतिहास. त्यात गाणी असतात, आणि गाणे कोणत्या भूमीतून आले, कोणत्या दुःखातून आले, ते त्या गाण्यातच असते. मेरी जॉन्सन या वृद्ध प्रमुख स्त्रीने न्यायालयात असे गाणे म्हणायला घेतले तेव्हा न्यायाधीश मॅकइचर्न यांनी आपल्याला गाण्याचा कान नसल्याचे सांगितले, गाऊन काही उपयोग होणार नाही असे म्हटले. तिने ते तरीही गायले. १९९१ चा निकाल विरोधात गेला. ११ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि मौखिक इतिहासाला लेखी कागदपत्रांच्या बरोबरीचे स्थान द्यावे लागेल, असे ठरवले. जमीन त्या निकालाने मिळाली नाही, नव्याने खटला चालवायला सांगितले गेले. मूळ रहिवाशांच्या भूमीस्वामित्वाची तिथली पहिली न्यायालयीन घोषणा झाली २०१४ मध्ये, त्सिल्कोटिन समाजाच्या प्रकरणात. पण गाणे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते १९९७ च्या निकालाने, आणि मला या सगळ्या इतिहासात तो दिवस मोठा वाटतो.

आपल्याकडे हे कायद्याला अगदीच नवे नव्हते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ऐकीव गोष्टीला मज्जाव होता, तरी सार्वजनिक हक्क किंवा रूढी यांबद्दल दिवंगत माणसांनी वाद उभा राहण्यापूर्वी काय सांगितले होते, ते मान्य करण्याची वाट होती. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी धरली आहे. नागालँडच्या रूढींसाठी अनुच्छेद ३७१ अ आहे. छोटा नागपूर कुळकायद्याने १९०८ मध्ये मुंडांच्या खुंटकट्टी हक्कांची, म्हणजे रान साफ करून गाव वसवणाऱ्या घराण्यांच्या जमीनहक्कांची, नोंद घेतली, आणि मुंडा कुटुंबे आजही पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या ससनदिरीच्या शिळेला आपला पट्टा मानतात. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने राज्यांना बजावले, की पंचायतीचा कायदा रूढीशी आणि सामाईक साधनांच्या परंपरागत व्यवस्थापनाशी सुसंगत असला पाहिजे.

तरी वळण आले ते २००६ च्या कायद्याने. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियमाचे, म्हणजे वनहक्क कायद्याचे, उद्देशवाक्य ऐतिहासिक अन्यायाची कबुली देते. नवीन वाचकाला मात्र मी आधी त्याखालच्या नियमावलीतला नियम १३ उघडायला सांगते. कोणताही कायदा समजून घ्यायचा तर त्यातला पुराव्याचा भाग आधी वाचावा, कारण कायद्याचा कोणावर विश्वास आहे ते तिथे कळते. नियम १३ मध्ये गॅझेटियर, जनगणना, नकाशे, कार्य आयोजना हे सगळे आहे. आणि त्याच यादीत, त्याच मानाने, जुन्या विहिरी आहेत, दफनभूमी आहेत, देवस्थाने आहेत. वंशावळ आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब आहेत. सामूहिक दाव्यासाठी परंपरागत चराईची कुरणे, कंदमुळे आणि रानफळे गोळा करण्याच्या जागा, मासेमारीच्या जागा, वैदू वनस्पती आणतात ते पट्टे, देवराया आणि पवित्र झाडे आहेत. एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे. २०१२ च्या सुधारणेने याला जोड दिली, की समितीने अमुकच कागद हवा असा हट्ट धरायचा नाही, आणि उपग्रहाचे छायाचित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्याऐवजी नाही. ज्या राज्यात सातबाऱ्याविना माणूस उभा राहू शकत नाही, तिथे शासनाने लिहून दिले की म्हातारीचा शब्द आणि तिच्या सासऱ्याची दफनाची जागा हाही पुरावा आहे. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे अजून आपल्या नीट लक्षात आलेले नाही असे मला वाटते.

या कायद्याचा दुसरा गाभा म्हणजे सामूहिक वनसंपत्तीची व्याख्या. गावाच्या रूढीजन्य हद्दीतले सामाईक जंगल, मग कागदोपत्री ते राखीव असो, संरक्षित असो की अभयारण्य असो. पशुपालकांच्या बाबतीत हंगामी वापराचा प्रदेशही त्यात येतो. आपल्या धनगरांचे वाडे ज्या वाटांनी फिरतात त्या वाटांना कायद्यात जागा आहे, दावे मात्र फार थोडे झालेत. अभ्यासकांसाठी इथे मोठे काम पडून आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये देशातले सुरुवातीचे सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याचा हक्क सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावातले देवाजी तोफा आणि गावाबरोबर काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावेही ठाऊक आहेत. कमी ठाऊक आहे ते हे, की हक्क मिळाल्यावरही बांबू वाहून नेण्याच्या परवान्यासाठी गावाला झगडावे लागले, कारण बांबू गौण वनोपज की झाड, हा वाद कायद्याने मिटवला तरी कचेरीत मिटला नव्हता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडले.

मेंढ्यात परंपरा कुठे आहे? पाहुण्यांना गोटूल, म्हणजे तरुणांचे सामूहिक घर, दाखवले जाते आणि ते पाहण्यासारखे आहेच. मला ती निर्णयाच्या पद्धतीत दिसते. गाव बहुमताने ठरवत नाही, सर्वांची संमती होईपर्यंत थांबते. त्या जोडीला अभ्यास गट आहे, जिथे कायदा, जंगल, हिशेब यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. अभ्यास गट जुना नाही. सर्वसहमती जुनी आहे. त्याच गावाने पुढे २०१३ मध्ये ग्रामदानाचा मार्ग धरला, त्यासाठी १९६४ चा राज्याचा ग्रामदान कायदा वापरला. योर्टा योर्टाच्या कसोटीवर हे गाव उत्तीर्ण झाले असते का? अर्ज लिहिणारे, कायदा वाचणारे, आपल्या वैयक्तिक जमिनी ग्रामसभेच्या नावे करणारे हे लोक तिथल्या न्यायाधीशांना पारंपरिक वाटले असते का? परंपरा म्हणजे जुन्या वस्तूंची यादी धरली तर उत्तर नाही असे येते. एकत्र बसून ठरवण्याचा, वाटून घेण्याचा आणि राखण्याचा चालू कायदा म्हणून ती पाहिली, तर मेंढ्याइतके पारंपरिक गाव सापडणे अवघड. माझा कल उघड आहे, आणि या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने परंपरेकडे या दुसऱ्या नजरेने पाहावे असे मला मनापासून वाटते.

ओडिशातल्या नियमगिरीने तेच मोठ्या पडद्यावर दाखवले. डोंगरिया कोंधांच्या नियमराजाच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले, की खाणीमुळे त्यांच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांना बाधा येते का हे ग्रामसभांनी ठरवावे. देव डोंगरावर राहतो का, हे न्यायालयाने तज्ज्ञाला विचारले नाही. बारा ग्रामसभा झाल्या, बारांनीही खाण नाकारली. ब्लॅकबर्न यांच्या निकालापासून या निकालापर्यंत बेचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि देशही वेगळा आहे, तरी दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. माणूस भूमीचा आहे हे सांगणे एकीकडे हक्काच्या आड आले, दुसरीकडे तेच हक्काचे कारण झाले.

आता ती गोष्ट, जी मनात धरून ठेवायला सांगितली होती. परंपरा नेहमी न्यायाने वागते असे नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि रूढीच्या नावाने कितीतरी आदिवासी मुलींना बापाच्या जमिनीत वाटा मिळालेला नाही. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका आदिवासी कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भार उलटा केला. स्त्रीला वाटा देणारी रूढी सिद्ध करा असे तिच्या वारसांना विचारू नका, तिला वगळणारी रूढी असेल तर ती सांगणाऱ्याने सिद्ध करावी. वनहक्क कायद्यानेही रूढीवर सगळे सोपवले नाही. वैयक्तिक पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे, ग्रामसभेला निम्मी गणपूर्ती, आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश स्त्रिया. काही अभ्यासकांना हा परंपरेतला हस्तक्षेप वाटतो. मी शिवेवर चालले आहे, आणि मोहाच्या झाडापलीकडे कोण फुले वेचते हे ज्यांच्या पायांना माहीत असते त्या बहुधा बायाच असतात. शीव चालायला पुढे पुरुष असतात. शीव कुठे आहे हे मात्र टोपली घेऊन पहाटे जाणारीला विचारावे लागते. तिला सभेत बसवणे म्हणजे परंपरेच्या खऱ्या साक्षीदाराला बोलावणे आहे.

वनहक्क कायद्याची वाटही सुरक्षित नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, आणि पंधरा दिवसांनी, २८ तारखेला, स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात गावोगावी जी भीती पसरली ती पाहिलेल्या माणसाला ‘फेटाळलेला दावा’ हे शब्द साधे वाटत नाहीत. अनेक दावे का फेटाळले याचे कारण फाइलीत लिहिलेलेही नसते. वडीलधाऱ्यांचा जबाब जोडलेला असतो आणि त्याबद्दल एक अक्षर नसते.

म्हणून कामाला कुठून लागायचे, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी सांगते : एक जबाब घे. पूर्ण घे. कोण बोलले, कोणासमोर बोलले, कोणत्या भाषेत, मध्येच कोणी दुरुस्त केले. गोंडी शब्द मराठीत आणताना काय सुटले. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी १९९७ मध्ये न्यायाधिकरणासमोर आठ मीटर गुणिले दहा मीटरचे चित्र जमिनीवर अंथरले, ‘ङुर्रारा’ नावाचे, आपल्या भूमीचे, आणि एकेक जण चित्रातल्या आपल्या पाणवठ्यावर उभा राहून आपापल्या भाषेत बोलला. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांचा हक्क मान्य झाला. त्या चित्रावर उभे राहून केलेले बोलणे जसेच्या तसे ऐकून घेणारा कोणीतरी समोर होता, म्हणून तो पुरावा झाला. आपल्याकडे तो ऐकणारा बहुतेक वेळा वनहक्क समितीचा सचिव असतो, बारावी झालेला, गावातलाच, हातात चेकबुकाएवढी वही. त्याला शिकवणे आणि त्याच्याकडून शिकणे हे या क्षेत्राचे निम्मे काम आहे.

त्या नाल्याचे पुढे असे झाले. नियम १२ मध्ये एक तरतूद आहे, माझ्या नजरेतून ती तोवर निसटली होती आणि त्या सचिवाने दाखवली : एखादा भाग एकाहून अधिक ग्रामसभा वापरत असतील तर त्यांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापराचे स्वरूप ठरवावे आणि निष्कर्ष लिहून द्यावा. दोन्ही समित्या आठवड्याने नाल्याकाठीच बसल्या. झऱ्याचे नाव दोन गावांत दोन निघाले, त्यावर बराच वेळ गेला, शेवटी दोन्ही नावे लिहायची ठरली. उन्हाळ्यात गुरे कोणाची आधी पाजायची, मासे कोणत्या महिन्यात धरायचे नाहीत, हेही आपोआप बोलण्यात आले, तेही लिहिले. एका बाईने मध्येच सचिवाला थांबवले. ‘‘वरच्या अंगाला कपडे धूत नाहीत, ते नाही लिहिलं.’’ त्याने खोडून वर जागा केली आणि लिहिले. सह्या झाल्या, अंगठे झाले. नकाशावर झऱ्याच्या जागी त्याने एक वर्तुळ काढले, निम्मे निळे, निम्मे हिरवे, आणि कडेला खुणेचा अर्थ लिहिला : पाणी दोघांचं.